पाण्यात उतरण्याचा हक्क

गेल्या तीन उन्हाळ्यांपासून आमच्या घरी एक प्रघात पडला आहे. शाळांना सुटी लागली की नातवंडे दिवस मोजू लागतात आणि मे महिन्यात आठवड्यातून एकदा, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही सारे शेजारच्या जिल्ह्यातील शहरात सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जातो. धाराशिव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असा तलाव नाही. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असतो. 2023 पासून स्त्रियांना एस.टी.त अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, म्हणून पत्नी आणि सून यांच्यासह सगळ्या कुटुंबाला ही सहल परवडते. जाऊन येऊन तीन तासांचा प्रवास आणि पाण्यात एक तास! हिशेबी माणसाला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. परंतु चाळीस अंशांच्या वर तापलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्या मुलांना तो तास आठवडाभर पुरतो.

यंदा आमच्याबरोबर शेजारचा एक मुलगा आला होता. सहावीत शिकणारा, शेतमजूर आईचा. महिनाभर तो या सहलीचीच वाट पाहत होता. तलावाच्या दारावर त्याला अडवण्यात आले. त्याच्याजवळ पोहण्याचा नायलॉनचा पोशाख नव्हता. सुती चड्डी चालत नाही, असा नियम. नियमाला कारण आहे. सुती कापडाचे धागे गाळणयंत्रात अडकतात. पण तिथे पोशाख भाड्याने मिळण्याची सोय नव्हती आणि बाहेरच्या दुकानातला पोशाख त्याच्या आईच्या दिवसाच्या रोजाहून महाग होता. आम्ही तो विकत घेईपर्यंत आमच्या पाळीचा निम्मा तास संपला होता. पत्नी आणि सून दोघी तर बाकावरच बसून राहिल्या. स्त्रियांसाठी राखलेली वेळ अशी होती की ती गाठावयाची तर परतीची गाडी चुकावी.

परतताना मनात एकच विचार घोळत होता. त्या दारावर कोणी कोणाची जात विचारली नव्हती, कोणी उद्धटपणाने बोलले नव्हते, फलकावर 'सर्वांसाठी खुला' असे स्वच्छ लिहिलेही होते. तरीही सहाजणांच्या आमच्या घोळक्यातील तिघे पाण्याबाहेर राहिले होते: एक गरीब मुलगा आणि दोन स्त्रिया. आपल्या देशात पाण्यापासून माणसांना दूर ठेवण्याची परंपरा जुनी आहे. तिने आता आवाज न करता काम करण्याची कला आत्मसात केली आहे, एवढेच.

आमच्या पिढीतील पुष्कळ लोक या विषयावर एक ठराविक उत्तर देतात. "आम्हाला कुठे होते तलाव? आम्ही विहिरीतच शिकलो." हे खरे आहे. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून, थोरल्या भावाने काठावरून ढकलून दिल्यावर पोटात गेलेल्या पाण्याची चव आमच्यापैकी अनेकांच्या जिभेवर अजून आहे. मोटेच्या थारोळ्यावरून मारलेले सूर आणि मुटके आठवले की आजही अंगावर शहारे येतात. परंतु या आठवणी सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. विहिरीत शिकलो ते 'आम्ही' कोण होतो? ती विहीर कोणाची होती? आमच्या बहिणी त्या वेळी कुठे होत्या? त्या काठावर धुणे धूत होत्या. आणि गावकुसाबाहेरची मुले कुठे होती? ती त्या काठावरही नव्हती. विहिरीच्या गोड आठवणी ही ज्यांच्याकडे विहिरी होत्या त्यांची मिरासदारी आहे.

पाण्याच्या प्रश्नाकडे आपण फार करून तहानेच्या बाजूने पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तरी अस्पृश्यतेचा इतिहास नीट पाहिला तर ध्यानात येते की प्रश्न पाणी पिण्याइतकाच पाण्याला शिवण्याचा, त्यात उतरण्याचा होता. 1923 साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर चार वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या ठरावाची अंमलबजावणी करावी लागली. त्या ओंजळभर पाण्याचा कज्जा उच्च न्यायालयात निकालात निघण्यास 1937 साल उजाडावे लागले. आमचा जिल्हा तर निजामाच्या राज्यात. मुंबई विधिमंडळाच्या ठरावाचा आधारही इथे नव्हता. त्याच राज्यात, दौलताबादच्या किल्ल्यात, 1934 साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रवासाची धूळ धुण्यासाठी तळ्याच्या पाण्याला हात लावते झाले आणि तळे बाटवल्याचा गिल्ला उठला. ही हकीगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे 1941च्या फेब्रुवारीत आमच्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले, याचा या जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. पण अभिमान बाळगणे आणि वारसा चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या साऱ्या अनुभवाचे सार संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात उतरले आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा वापर करण्यापासून रोखता येणार नाही, असे ते कलम सांगते. त्यातील 'स्नानघाट' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. घटनाकारांनी पिण्याच्या पाण्यापाशी न थांबता स्नानाच्या जागेचेही नाव घेतले, ते त्या जागेवरचे अपमान ठाऊक होते म्हणून. आणि ते अपमान इतिहासजमा झाले असतील, असे कोणी समजू नये. 2018च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील वाकडी गावी, विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातील दोन मुलांना नग्न करून मारहाण करण्यात आली. उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्यात उडी मारावीशी वाटणे, एवढाच त्या मुलांचा गुन्हा!

विहीर खाजगी असते. तिचा मालक तिच्या काठावर राजा असतो. म्हणूनच सार्वजनिक तलाव हवा. तिथे मुलाला कोणाच्या मेहेरबानीने उतरावे लागत नाही. तिकीट घेतले की तो आणि तालुक्याच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा एकाच पाण्यात असतात. आणि पाण्यात एक गुण असा की अंगावरचे कपडे, पायातली चप्पल, बापाची जमीन यांपैकी काहीच त्यात बरोबर नेता येत नाही. एकत्र जेवणाच्या पंगतीसाठी आपल्या चळवळीने अर्धे शतक खर्ची घातले. एकत्र पोहणे ही त्याहून अवघड कसोटी आहे, कारण विटाळाची कल्पना सर्वांत खोल रुतली आहे ती पाण्यातच. बाबा आढावांनी 1970च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम गावोगाव नेली ती हेच ओळखून. सार्वजनिक पोहण्याचा तलाव हे त्याच मोहिमेचे पुढचे पाऊल होय.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुष्काळी जिल्ह्यात, जिथे बायाबापड्या टँकरमागे धावतात तिथे पोहण्याचे तलाव मागणे हा उन्माद नव्हे काय? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला न्यावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. आमची स्थिती लातूरपेक्षा फारशी निराळी नव्हती. अशा वर्षी तलाव कोरडा ठेवावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. मात्र सर्व वर्षांसाठी हे उत्तर पुरते काय, ते हिशेब मांडून पाहिले पाहिजे.

पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल असा तलाव धरा. तो एकदा भरावयास सुमारे 4 लाख 40 हजार लिटर पाणी लागते. हे पाणी रोज बदलत नाहीत. गाळून, औषध घालून तेच फिरवतात. मे महिन्यात दिवसाला आठ ते दहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले तर रोजची तूट अडीच-तीन हजार लिटरची. गाळणी धुण्यासाठी पाच हजार, आणि रोज चारशे माणसे आली तर त्यांच्या आधीच्या-नंतरच्या आंघोळीसाठी प्रत्येकी वीस लिटरप्रमाणे आठ हजार. एकूण सोळा हजार. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत पंचाहत्तर दिवसांचे झाले बारा लाख. पहिल्या भरणीसह 16 लाख 40 हजार लिटर. उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर, म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर पाणी लागते, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. म्हणजे एका शहराचा संपूर्ण उन्हाळ्याचा तलाव जेमतेम आठ गुंठे उसाच्या पाण्यात चालतो.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो. चारशे माणसे गुणिले पंचाहत्तर दिवस म्हणजे तीस हजार वेळा कोणी ना कोणी पाण्यात उतरले. एका उतरण्यामागे सुमारे 55 लिटर पाणी पडले. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाकाठी जेवढे पाणी देऊ केले आहे, नेमके तेवढेच. हे थोडे नाही. म्हणूनच आंघोळीचे आणि गाळणीचे पाणी गटारात न सोडता झाडांना गेले पाहिजे, तलावावर छप्पर हवे, आणि टंचाई जाहीर होताच सर्वांत आधी हा तलाव बंद झाला पाहिजे. परंतु बंद करावयाचे तर सर्वच. महामार्गालगतच्या खाजगी जलक्रीडेच्या जागा निळ्याशार पाण्याने भरलेल्या आणि नगरपालिकेचा प्रस्ताव मात्र 'दुष्काळ' असा शेरा मारून परत पाठवलेला, हा न्याय नव्हे. एका माणसाच्या प्रवेशासाठी शेतमजूर स्त्रीची दोन-दोन दिवसांची मजुरी मागणाऱ्या जागी पाणी चालते आणि दहा रुपयांच्या तिकिटावर ते चालत नाही, तेव्हा टंचाई पाण्याची नसते.

शिवाय पाण्याबाहेर ठेवलेले मूल पाण्याबाहेर राहतेच असे नाही. ते चोरून उतरते. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात 2021 या एका वर्षात तीन लाख माणसे बुडाली, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा. आमच्याकडे या धोक्याला गेल्या काही वर्षांत नवे रूप आले आहे. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने शेततळी वाढली. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांचा आधार झाला, हे मान्यच आहे. पण उताराच्या काठांवर अंथरलेले ते प्लास्टिक ओले झाले की पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही दोर नसेल तर वर येऊ शकत नाही, मग दहा वर्षांच्या मुलाची काय कथा? उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अशी बातमी आली की आपण हळहळतो आणि पान उलटतो. कुंपण, दोर आणि पोहण्याचे शिक्षण या तीन गोष्टींनी यातले बरेचसे मृत्यू टळतील. कुंपण आणि दोर शेतावर बसवता येतील. पण शिक्षणाला उथळ, स्वच्छ, राखणदार असलेले पाणी लागते. मुलींना तर ते अन्य कुठेही मिळणे शक्य नाही.

समाजवादी चळवळीला हा विषय परका वाटू नये. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना हे युरोपातील अत्यंत दैन्यावस्थेतील शहर होते. क्षयाने ते पोखरले होते. 1919 ते 1934 या काळात तेथील नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती होती. चैनीच्या वस्तूंवर कर बसवून त्यांनी कामगारांसाठी घरे बांधली, हे आपल्या अभ्यासवर्गांतून सांगितले जाते. त्याच कारभाऱ्यांनी बागांमधून मुलांसाठी विनामूल्य पोहण्याची उथळ तळी बांधली आणि 1926 साली कामगारवस्तीत 'अमालियनबाद' हे प्रचंड स्नानगृह उघडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भाकरीचाच प्रश्न सुटलेला नसताना हे कशाला, असे त्यांनाही विचारणारे असतीलच. लंडनमध्ये मजूर पक्षाचे मंत्री जॉर्ज लॅन्सबरी यांनी 1930 साली हाइड पार्कच्या तळ्यावर स्त्रीपुरुषांना एकत्र पोहण्याची सार्वजनिक जागा करून दिली. गरिबाला उन्हात बसण्याचा, पाण्यात डुंबण्याचा, काही न करता एक दुपार घालवण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी मानले.

याच्या उलट उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन नावाचे शहर आहे. सार्वजनिक जागांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय 1960च्या दशकात न्यायालयाने दिला, तेव्हा त्या नगरपालिकेने बागा सर्वांना खुल्या केल्या; पोहण्याचे तलाव मात्र बंदच करून टाकले. काळ्यांबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा कोणीच न उतरलेले बरे! 1971 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, एका मताच्या बहुमताने का होईना, ही कृती वैध ठरवली. बंदी सर्वांनाच लागू होती ना? मग भेदभाव कुठे झाला? ज्यांना ऐपत होती त्यांना खाजगी तलावांचा मार्ग मोकळा होता, हे या युक्तिवादात बसत नव्हते. आपल्याकडे तलाव बंद करण्याचा ठराव कोणी करीत नाही. तो बांधलाच जात नाही. बांधला तर गाळणी बिघडते, कंत्राटाची मुदत संपते, तळाला भेगा पडतात आणि त्यात गवत उगवते. परिणाम जॅक्सनचाच. सार्वजनिक वस्तू मरू द्यायची आणि ऐपत असलेल्याने आपली खाजगी सोय करावयाची. शाळांचे हेच झाले, दवाखान्यांचे हेच झाले.

या जिल्ह्याला पाण्यातला आनंद अनोळखी आहे, असे तर मुळीच नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. अंगावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या आत कोरडे बसून सुलतानाने त्याचा थंडावा भोगावा, यासाठी केवढे कसब खर्ची पडले! तुळजापुरी कल्लोळ तीर्थात आणि गोमुखात स्नान करून भाविक देवीपुढे जातात. म्हणजे राजाने पाण्यात रमावे, भक्ताने पुण्यासाठी पाण्यात उतरावे, याला कोणाची हरकत नाही. रोजगारी बाईच्या मुलाने निव्वळ आनंदासाठी उतरावे म्हटले की मात्र दुष्काळ आठवतो.

आमच्याबरोबर आलेल्या त्या मुलाची आजी 1972च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. गावाजवळचा तो तलाव तिने आणि तिच्यासारख्या शेकडो बायांनी डोक्यावर माती वाहून उभा केला. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला आणि तो आपल्या चळवळीच्या कमाईचा मोठा भाग आहे, असे आपण भाषणांतून सांगतो. त्या पाण्यावर आज कोणाच्या शेतात काय पिकते, हे सांगावयास नको. ज्यांनी माती वाहिली त्यांच्या नातवाला पाण्याच्या दारावर चड्डीच्या कापडावरून थांबावे लागले. मला यात नियमापेक्षा अधिक काही दिसते आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनाही दिसले पाहिजे.

तेव्हा मागण्या साध्या आणि मोजक्या असाव्यात. बागा, मैदाने यांसारख्या सोयी करणे हे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आणले आहे. त्याच न्यायाने जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी एक उथळ, छप्पर असलेला सार्वजनिक तलाव असावा. तो कंत्राटदाराच्या हवाली न करता नगरपालिकेने स्वतः चालवावा. तिकीट नाममात्र असावे आणि शाळकरी मुलांना तेही नसावे. पोशाख तिथेच धुऊन, उकळून वापरावयास मिळावा. स्त्रियांची वेळ त्यांच्या कामाच्या आणि गाड्यांच्या वेळा पाहून त्यांनाच विचारून ठरवावी, आणि शिकवण्यास स्त्री शिक्षिका असावी. भोवतालच्या खेड्यांतील पाचवी ते सातवीच्या मुलामुलींना वर्षातून पंधरा दिवस तिथे आणून पोहणे शिकवावे. टंचाईच्या वर्षी सार्वजनिक आणि खाजगी, सर्व तलाव एकाच आदेशाने बंद व्हावेत. आणि वर्षाचा पाण्याचा हिशेब दारावर फळ्यावर लिहिलेला असावा. लोकांचे पाणी आहे. लोकांना त्याचा हिशेब हवा.

मृणालताई गोरे यांनी पाण्याच्या प्रश्नावर मुंबईच्या उपनगरांतील स्त्रियांना रस्त्यावर आणले, तेव्हा त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी दिले. घरात पाणी आणण्याची ती लढाई आमच्या जिल्ह्यात अजून संपलेली नाही आणि ती सोडून द्यावी, असे मी म्हणत नाही. पण माणसाला जगण्यापुरते दिले म्हणजे समाजवादाचे काम झाले, असे आपण कधी मानले नाही. तहान भागवणारे पाणी हा हक्क आहेच. ज्यात पोरांना हसता येते ते पाणीही हक्काचेच आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या मुलाजवळ आता पोशाख आहे. त्याची आई मात्र अजून एकदाही आलेली नाही. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचंय भाऊ पाण्यात उतरून?" तिला कोणी कधी विचारलेच नव्हते. आपल्या तालुक्याच्या नगरपालिकेच्या दारात पहिले निवेदन नेताना तिला सोबत घेऊन जावे, असे मी ठरवले आहे.